‘नुसतं बोलून काय होणार?’ : समुपदेशनाविषयी खान्देशातल्या वाचकांचे प्रश्न

समुपदेशनाबद्दल या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. शब्द वेगळे असले तरी बहुतेकांची शंका एकच आहे : गोळी नाही, इंजेक्शन नाही, मग फी कशाची? पत्रांतली ओळख पटेल अशी माहिती काढून टाकली आहे.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे, वय 41. सहा-सात महिन्यांपासून रात्री अडीचला डोळा उघडतो तो उघडतोच. गिऱ्हाइकांवर खेकसतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. म्हणाले, कौन्सेलरकडे जा. तासभर बोलून झोप कशी येणार? बोलायला मित्र आहेतच की.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : मित्र तुमची बाजू घेतो, नाहीतर तुम्हाला समजावतो. समुपदेशक या दोन्ही गोष्टी मुद्दाम टाळतो. ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगितल्यावर कोणी टेन्शन घ्यायचं थांबलं, असं अजून तरी घडलेलं नाही.

भेट 45 ते 60 मिनिटांची असते आणि बहुधा आठवड्यातून एकदा. पहिली एक-दोन सत्रं चौकशीतच जातात : कधीपासून, झोप, भूक, वजन, तंबाखू-दारू, घरात आणखी कोणाला असा त्रास, मरणाचे विचार. बरेच जण ‘पीएचक्यू-9’ ही नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात. मागच्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, यावर प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, म्हणजे एकूण 27. बेरीज 10 किंवा जास्त आली तर नैराश्याची नीट तपासणी करावी लागते. हीच यादी काही आठवड्यांनी पुन्हा भरतात. ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ‘16 वरून 9 वर आलं’ हे दोघांनाही जास्त कळतं. ‘सगळं नॉर्मल’मध्ये थायरॉइड आणि बी-12 होतं का, ते मात्र रिपोर्ट काढून बघा. यांची गडबड असली की थकवा आणि उदासी हुबेहूब मनाच्या आजारासारखी दिसते, आणि शाकाहारी घरांत बी-12 अनेकदा कमी निघतं.

नंतर वही सुरू होते. ती कशी असते ते दाखवण्यासाठी एक नमुना पान :

मंगळवार, रात्री 2.40. काय घडलं : जुन्या गिऱ्हाइकाने महिन्याचा किराणा मॉलमधून आणलेला पाहिला. मनात आलं : ‘सहा महिन्यांत दुकान बसणार.’ किती खरं वाटलं : 90 टक्के. अंगात : छाती जड, जबडा आवळलेला. बाजूचा पुरावा : दोन महिन्यांत चार खाती बंद झाली. विरुद्ध पुरावा : उधारीच्या वहीत 63 खाती चालू, त्यातली सहा याच वर्षी उघडलेली. पुन्हा लिहिलं : ‘धंदा घटलाय, बसलेला नाही. त्या चार घरी विचारायला हवं.’ आता किती खरं : 40 टक्के.

यात गोड बोलून मनाची समजूत काढलेली नाही. चार खाती गेली हे पानावर तसंच आहे. फरक एवढाच की रात्री अडीचचा निकाल आणि दिवसाचा हिशोब शेजारी-शेजारी आले. हे एकदा समुपदेशकाबरोबर होतं, मग तुम्ही घरी करता. आठवड्याचे तास 168. त्यातला एक त्यांच्याकडे, बाकीचे 167 तुमच्याकडे. वही कोरी नेणाऱ्याची सत्रं वाया जातात, त्यात समुपदेशकाचा दोष नसतो.

झोपेसाठी वेगळी कामं मिळतील. उठण्याची वेळ एकच ठेवायची, रात्र कशीही गेली तरी. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर अंथरूण सोडून मंद उजेडात बसायचं आणि डोळे जड झाल्यावरच परतायचं. घड्याळ पाहायचं नाही. चार वाजल्यानंतर चहा नाही. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे दुपारी अर्धं शटर ओढून काढलेली झोप बंद. पहिल्या आठ-दहा दिवसांत झोप आणखी कमी झाल्यासारखी वाटते, आणि लोक नेमके तिथेच सोडून देतात. तेवढे दिवस काढले तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फरक दिसायला लागतो. फक्त त्या दिवसांत लांबचं ड्रायव्हिंग टाळा.

प्रश्न : वय 29, रेल्वेत कारकून. चार महिन्यांत तीनदा अचानक छातीत धडधड, हाताला आणि ओठाला मुंग्या, आता मरतो असं वाटलं. दोनदा ईसीजी, एकदा टू-डी इको, हृदय ठणठणीत. आता एकट्याने गाडीत बसवत नाही. जळगावला जायचं तरी बायको सोबत लागते. याला समुपदेशनात काय करतात?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : आधी हृदय तपासून घेतलंत हे योग्यच केलं. हे पॅनिक अटॅकचं वर्णन आहे, आणि यावर बोलण्याचे उपचार चांगले लागू पडतात.

होतं असं : काही कारणाने धडधड वाढते, ‘हार्ट अटॅक’ हा विचार येतो, त्या भीतीने अॅड्रेनलिन सुटतं, धडधड आणखी वाढते. श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डाय-ऑक्साइड घटतो आणि त्यामुळे ओठ-बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या की खात्रीच पटते. ही लाट साधारण दहा मिनिटांत टोकाला जाते आणि अर्ध्या तासाच्या आत बहुधा उतरते. तुम्ही दवाखान्यात पोचून सलाईन लागेपर्यंत ती उतरतच असते. श्रेय सलाईनला मिळतं, आणि पुढच्या वेळी सलाईनशिवाय वाचणार नाही असं वाटू लागतं.

पहिल्या सत्रात हे चक्र तुमच्याच शेवटच्या अटॅकवरून कागदावर काढतात. पुढची पायरी ऐकायला विचित्र वाटेल : तीच लक्षणं मुद्दाम आणायची. साठ सेकंद भराभर श्वास, जागच्या जागी पळणं, खुर्चीत गोल फिरणं. धडधड होते, मुंग्या येतात आणि काहीही होत नाही. शरीराला हे सांगून पटत नाही, अनुभवाने पटतं. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

मग शिडी. भीती 0 ते 100 अशी मोजून तुमच्यासाठी ती काहीशी अशी होईल : फलाटावर पंधरा मिनिटं (30), उभ्या गाडीत बसणं (40), भुसावळ ते भादली एक स्टेशन (55), जळगावपर्यंत बायको दुसऱ्या डब्यात (65), जळगावपर्यंत एकटं (80), पाचोऱ्यापर्यंत एकटं, फोन बॅगेत (95). प्रत्येक पायरी भीती निम्म्यावर येईपर्यंत सोडायची नाही आणि एकदाच करून थांबायचं नाही. आठवड्यात चार-पाच वेळा तरी.

गडबड दोन ठिकाणी होते. एक, भीती टोकाला असताना माणूस उतरून जातो. मग मेंदूची नोंद होते की उतरलो म्हणून वाचलो. दुसरी, खिशातली गोळी. भीती तात्पुरती दाबणाऱ्या अल्प्राझोलामची एक गोळी ‘असू द्यावी’ म्हणून ठेवलेली असते, पाण्याची बाटली असते, बायकोचा नंबर स्क्रीनवर उघडा असतो. या कुबड्या असेपर्यंत शिडी चढल्याचं समाधान मिळतं, भीती मात्र तिथेच राहते. पण ही गोळी रोज घेत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. ती डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात.

प्रश्न : आमची केळी. जूनच्या वादळात निसवलेली बाग आडवी झाली. तेव्हापासून मालक गप्प आहेत. मळ्यात जात नाहीत, अर्धी भाकर टाकून उठतात. परवा म्हणाले, ‘मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं.’ कौन्सेलिंगला चला म्हटलं तर म्हणतात, ‘तो काय माझं कर्ज फेडणार आहे?’
– एक वाचक ताई, रावेर तालुका

उत्तर : (हे उत्तर अंक छापण्याची वाट न पाहता ताईंना फोनवर कळवलं आहे.)

ताई, त्यांचं परवाचं वाक्य वैतागाचं समजून सोडू नका. आजच विचारा. मुलांसमोर नको, ताट वाढताना नको. दोघंच असताना, शेजारी बसून : ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. घरात लेवा बोली बोलत असाल तर त्याच बोलीत विचारा. पुस्तकी मराठीत विचारलं की ‘नाही हो, तसं काही नाही’ असं पुस्तकीच उत्तर येतं. ‘हो’ म्हणाले तर पुढचा प्रश्न : ‘काही ठरवलंय का?’ ठरवलं असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेता येईल; तेवढं लांब जमत नसेल तर आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय. रात्री-अपरात्री 14416 हा ‘टेलिमानस’चा मोफत नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

ते ‘नाही’ म्हणाले तरी एक काम कराच. फवारणीची औषधं घरातून आणि मळ्यातल्या खोलीतूनही हलवा. लपवून ठेवणं पुरेसं नाही, लपवलेलं सापडतं; भावकीत किंवा शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि किल्लीही त्या भावकीतल्या माणसाकडे किंवा शेजाऱ्याकडेच राहू द्या. टोकाचा आवेग पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्या वेळात हाताशी काय आहे यावर जीव वाचणं-जाणं ठरतं. दारू असेल तर तीही घराबाहेर. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांपासून काही दडवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात, आणि त्याच्यावर खटला भरत नाहीत.

आता कर्जाचं. मालकांचं म्हणणं बरोबर आहे, समुपदेशक कर्ज फेडत नाही. पण आजच्या घडीला त्यांना कर्ज मोजताही येत नाही. नैराश्यात निर्णय घ्यायची ताकद आधी जाते. सगळी रक्कम मिळून एक काळा ढग होतो. चांगला समुपदेशक हा ढग कागदावर उतरवतो : बँक किती, सोसायटी किती, कृषी केंद्राची उधारी किती, हातउसने किती, कोणाची तारीख आधी. विम्याचे आणि पंचनाम्याचे कागद कुठे आहेत. यातलं काय या महिन्यात हलवता येईल आणि काय येणार नाही. एका सत्रात एकच गोष्ट हातात घेतात.

जोडीला हालचाल. ‘बरं वाटलं की मळ्यात जाईन’ हा क्रम उलटा करावा लागतो : जायचं आधी, बरं वाटतं मागून. म्हणून काम हास्यास्पद वाटेल इतकं लहान ठरवतात. सकाळी सातला बांधापर्यंत, पंधरा मिनिटं, आडव्या बागेकडे न जाता विहिरीच्या बाजूने. चार दिवसांनी ठिबकचा एक व्हॉल्व्ह उघडायचा, बस. ‘आता नवीन बाग लावून दाखव’ असं घरचे बोलले की हे सगळं कोसळतं, तेवढं सांभाळा.

‘कौन्सेलिंग’ हा शब्द वापरू नका. ‘झोप नाही, जेवण नाही, ते दाखवून येऊ’ म्हणा. ते खरंच आहे. पहिली दहा मिनिटं तुम्ही बोला. अजिबात तयार झाले नाहीत तर तुम्ही एकट्या जाऊन या. घरच्या माणसाने काय करावं हेही तिथे सांगतात. वजन उतरत असेल, जेवण सुटत चाललं असेल तर नुसतं बोलून भागणार नाही, गोळ्या लागतील. त्या दोन ते चार आठवड्यांनी लागू पडायला लागतात, हे आधीच माहीत असलं तर आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून त्या फेकल्या जात नाहीत.

प्रश्न : मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. सव्वा महिना झाला. सारखी रडते, बाळाला जवळ घेत नाही, म्हणते, ‘माले काहीच गोड लागत नही.’ शेजारीण म्हणते बाहेरचं आहे, भगताकडे न्या.
– एक आई, धुळे तालुका

उत्तर : बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत बऱ्याच जणींना रडू येतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. सव्वा महिन्यानंतरही राहिलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. त्यासाठी दहा प्रश्नांची वेगळी यादी असते. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. त्रास सौम्य किंवा मध्यम असेल तर समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. गोळी लागलीच तर अंगावर पाजतानाही चालतील अशा गोळ्या आहेत, कोणती ते डॉक्टर ठरवतील. एखाद्या सत्राला तुम्हालाही बोलावतील. कारण घरातलं काम तुमच्याकडे आहे : रात्री तिला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी बाळाची पाळी लावणं, आणि ‘आम्ही पाच-पाच पोरं वाढवली’ हे वाक्य न बोलणं.

दृष्ट काढायची तर काढा. धुरी, उपास, मारझोड आणि औषध बंद करणं यांतलं काहीही होऊ देऊ नका. तिला झोपेची गरजच वाटेनाशी झाली, ती संशय घेऊ लागली, कानात आवाज येतात म्हणाली किंवा बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागली तर त्याच दिवशी सिव्हिलला न्या आणि तोवर बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका. ती समुपदेशनाची वेळ नाही.

प्रश्न : बोर्डांवर नाना पदव्या दिसतात. नेमकं कोणाकडे जायचं? आमच्याकडे जवळ कोणी नाही.
– एक शिक्षक, शहादा

उत्तर : मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, गोळ्या तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं बहुधा एम.फिल. झालेलं असतं आणि त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असतो. तो चाचण्या आणि थेरपी करतो. समुपदेशकाचं मानसशास्त्रात एम.ए. आणि वर प्रशिक्षण असावं. पण ‘समुपदेशक’ हा शब्द आठ दिवसांचा कोर्स केलेलेही लावतात, म्हणून फोनवरच विचारा : शिक्षण काय, अशा त्रासाचं काम केलंय का, गोळ्यांची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता, फी किती. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. ‘तीन सिटिंगमध्ये गॅरंटी’ म्हणणारा, डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करायला सांगणारा किंवा नवऱ्याला सोडायचं की नाही हे तुमच्या वतीने ठरवणारा दिसला की उठून या.

सरकारी जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते. पहिल्या एक-दोन भेटी समोरासमोर आणि पुढच्या व्हिडिओवर, हे शहादा-तळोद्याकडून जाणाऱ्यांना परवडतं. फक्त खोलीचं दार लागलं पाहिजे आणि कानात इअरफोन पाहिजे. घरात अहिराणी, पावरी किंवा भिलोरी बोलली जात असेल तर ती समजणारं कोणी आहे का, तेही विचारा.

प्रश्न : गाव लहान. मुलीला समुपदेशनाला नेतो हे कोणाला कळलं तर तिचं लग्न जमणार नाही.
– एक वाचक, धरणगाव

उत्तर : मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्याच कलम 23 ने माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. मुलगी सज्ञान असेल तर तिने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सांगत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. अपवाद मोजके : कोणाच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, आणि 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार. शेवटच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने, म्हणजे 2012 पासून, कळवणं बंधनकारक आहे. बाकी, रांगेत ओळखीचा माणूस भेटलाच तर तोही त्याच रांगेत उभा असतो.

प्रश्न : बायपोलरसाठी लिथियम चालू आहे, समुपदेशनही चालू आहे. आता बरं वाटतं. गोळी बंद करून फक्त समुपदेशन ठेवू का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : नाही. बायपोलरमध्ये, म्हणजे मन कधी फार तेजीत तर कधी नैराश्यात जाण्याच्या आजारात, समुपदेशन गोळीची जागा घेत नाही. झोपेचं वेळापत्रक पाळणं आणि तेजीची पहिली चिन्हं ओळखणं (कमी झोपूनही ताजंतवानं, खर्च वाढलेला) यासाठी ते असतं. आणि आपल्याकडे मेमध्ये पारा 44-45 वर जातो, तेव्हा एक जपा : घामाने अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढतं. हात जास्त थरथरणं, उलटी-जुलाब, तोल जाणं दिसलं तर पुढचा डोस न घेता लगेच डॉक्टरांना गाठा. पाणी भरपूर प्या, जेवणातलं मीठ अचानक तोडू नका आणि अंगदुखीला आयबुप्रोफेनसारखी गोळी दुकानातून आणून घेऊ नका, तिनेही हे प्रमाण वाढतं.

प्रश्न : चार सिटिंग झाली. उलट सत्रानंतर जास्त रडू येतं. समुपदेशक बदलू का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : जुनं दुःख उकरलं की त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी जड वाटतं. ते तेवढ्यावर उतरत असेल तर काम चालू आहे. आठवडाभर उतरत नसेल तर ते पुढच्या सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगा. शेवटच्या पाच मिनिटांत सांगितलेल्याला वेळच उरत नाही. सहा सत्रांनंतरही ‘पीएचक्यू-9’सारख्या यादीतले गुण हलले नाहीत, तुम्ही काय करायचं हे अजून ठरलेलं नाही, किंवा तासातला बराच वेळ समुपदेशकच बोलतात असं वाटत असेल तर बदला. गप्प बसून जाणं बंद करू नका, शेवटची एक भेट घ्या आणि काय झालं, काय राहिलं, याची एक पानाची नोंद मागून घ्या. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.